पाटी चकाकते, मशीन बंद आहे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जून उजाडला की माझ्या छापखान्यात पदग्रहण समारंभांच्या पत्रिका यायला लागतात. रोटरी, लायन्स यांसारख्या सेवा क्लबांचं वर्ष १ जुलैला सुरू होतं. नवा अध्यक्ष, नवा सेक्रेटरी, नवं संचालक मंडळ, नवा फ्लेक्स. बेळगावात खडेबाजाराच्या आतल्या गल्लीत वडिलांनी ट्रेडल मशीन टाकून हा धंदा सुरू केला. खिळे जुळवून पत्रिका छापायच्या दिवसांपासून आजच्या डिजिटल फ्लेक्सपर्यंत शहरातल्या बऱ्याच क्लबांचं काम माझ्या हातून गेलं आहे. मी स्वतःही अकरा वर्षं एका क्लबाचा सभासद आहे आणि एक वर्ष सेक्रेटरी होतो. कुठल्या क्लबाचा ते लिहीत नाही. जे सांगणार आहे ते थोड्याफार फरकाने सगळ्यांनाच लागू आहे, आणि त्यात पहिली चूक माझी आहे.

गेल्या फेब्रुवारीत खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पुढे कणकुंबीच्या वाटेवरच्या एका सरकारी मराठी शाळेत गेलो होतो. क्लबाचं काम नव्हतं. शाळेच्या स्नेहसंमेलनाचा फ्लेक्स पोचवायचा होता आणि दुकानातला पोरगा रजेवर होता, म्हणून मीच गाडी काढली. व्हरांड्यात भिंतीला लावलेलं पाण्याचं फिल्टर दिसलं आणि त्याच्या डोक्यावर स्टीलची पाटी. पाटी मी लांबूनच ओळखली, कारण ती मीच केली होती. बारा इंच बाय नऊ, कोरून काळा रंग भरलेली, चार कोपऱ्यांना पितळी स्क्रू. अध्यक्ष, सेक्रेटरी, खजिनदार, प्रकल्पप्रमुख, देणगीदार, उद्घाटक, प्रमुख पाहुणे अशी नऊ नावं. दुसरं नाव माझं.

पाटी अगदी नवी वाटावी अशी चकाकत होती. खालच्या नळाला कोळ्याचं जाळं होतं. झाकण काढून बघितलं तर आतलं पांढरं कार्ट्रिज जांभ्या दगडासारखं लालसर, हाताला चिकट लागत होतं. वायर गुंडाळून मशीनच्या मागे खोचून ठेवली होती.

चौथीतली एक मुलगी पाण्याची बाटली घेऊन माझ्या बाजूला येऊन उभी राहिली. मी पाटीकडे बघतोय म्हणून तीही बघायला लागली आणि नावं मोठ्याने वाचू लागली. जोडाक्षराला अडखळत तिने माझं नाव पूर्ण वाचलं. मग विचारलं, "हे कोण वो, काका?" मी म्हटलं, ज्यांनी हे मशीन दिलं ती माणसं. ती म्हणाली, "मशीन बंद हाय की." आणि कोपऱ्यातल्या घागरीतून बाटली भरून वर्गात गेली. ते नाव माझं आहे, हे मला तिला सांगता आलं नाही.

मुख्याध्यापिकाबाईंनी तक्रारीचा सूर न लावता सगळं सांगितलं. आठ-नऊ महिने मशीन छान चाललं. पावसाळ्यानंतर पाणी थेंबथेंब यायला लागलं. पाटीवर फोन नंबर शोधला तर नऊ नावांत एकही नंबर नव्हता. खटपट करून त्यांनी एका पदाधिकाऱ्याचा नंबर मिळवला. त्या पदाधिकाऱ्यांनी सांगितलं, "माझं वर्ष संपलं, आता नव्या अध्यक्षांना विचारा." नव्या अध्यक्षांनी सांगितलं, "तो मागच्यांचा प्रकल्प आहे." बाई म्हणाल्या, "एसडीएमसीच्या, म्हणजे शाळेच्या विकास व देखरेख समितीच्या, मीटिंगमध्ये विषय घेतला, तर लोक म्हणाले, मशीन क्लबाचं, आपण हात कसा लावायचा?" शहरात सहा-सातशे रुपयांना मिळणारं कार्ट्रिज, ते बदलायचा अधिकार कुणाचा हे न ठरल्यामुळे दीड वर्ष मुलं घागरीचं पाणी पीत होती. मशीन बेचाळीस हजारांचं. कार्यक्रमाच्या दिवसाचे हार, शाली, मंडप, फ्लेक्स आणि पाटी यांच्या खर्चात पुढच्या दहा वर्षांची कार्ट्रिजं आली असती. यातलं फ्लेक्स आणि पाटीचं बिल मीच लावलं होतं, म्हणून ठामपणे सांगतो.

संपादकसाहेब, क्लबांच्या प्रशिक्षण शिबिरांत हल्ली 'पब्लिक इमेज' म्हणून एक स्वतंत्र विषय असतो. क्लबात त्याचा एक चेअरमन असतो. बोधचिन्ह कसं वापरायचं, फेसबुकवर काय टाकायचं, वर्तमानपत्रांशी संबंध कसे ठेवायचे हे तिथे शिकवतात. ते उपयोगाचं आहे, मी त्याला नावं ठेवत नाही. पण त्या शाळेतल्या मुलांच्या, त्यांच्या आईबापांच्या, बाईंच्या मनात आमच्या क्लबाची इमेज काय असेल? व्हरांड्यातलं बंद मशीन, आणि त्याच्यावर नऊ नावं. त्यापुढे आमचे फेसबुकवरचे हजार फोटो काही करू शकत नाहीत.

दोष माणसांचा कमी आणि पद्धतीचा जास्त आहे. या क्लबांत अध्यक्षपद एक वर्षाचं असतं. त्यामागचा विचार चांगला आहे. रोटरी १९०५ साली शिकागोत सुरू झाली तेव्हा सभा आज याच्या कचेरीत, पुढच्या वेळी त्याच्या कचेरीत अशी फिरत असे, म्हणून तर तिचं नाव रोटरी. खुर्ची एकाच माणसाला चिकटू नये, प्रत्येकाला जबाबदारी मिळावी, हे तत्त्व मला आजही पटतं. आपल्याकडे एकदा अध्यक्ष झालेला माणूस वीस वर्षं हलत नाही अशा संस्था कमी नाहीत. पण एक वर्षाच्या अध्यक्षाला आपल्या वर्षात काहीतरी नवीन उभं करून दाखवायचं असतं. मागच्याने दिलेल्या फिल्टरचं कार्ट्रिज बदललं तर त्याचा फोटो येत नाही, पाटीही लागत नाही. दर जुलैला सगळ्यांचं लक्ष पुढे लागतं आणि मागे दिलेल्या वस्तू पोरक्या होतात.

त्या दिवशी घरी आल्यावर मी जुनी बिलबुकं काढली. क्लबाकडे दिलेल्या वस्तूंची यादी नव्हती. माझ्याकडे पाट्यांची बिलं होती. सहा वर्षांच्या बिलांत आमच्या क्लबाच्या तेवीस पाट्या निघाल्या. आम्ही तिघे सभासद मार्चपासून दर रविवारी एकेक ठिकाणी जातो आहोत, आजवर चौदा झाली. एका शाळेत पुस्तकांचं कपाट कुलूपबंद, किल्ली बदली होऊन गेलेल्या गुरुजींबरोबर गेलेली. एका ठिकाणी हात धुण्याची टाकी आहे, पण सगळे नळ गायब. बाकं बहुतेक शाळांत ठणठणीत आहेत, कारण बाकाला दुरुस्ती फारशी लागत नाही. आणि एका प्राथमिक आरोग्य केंद्रात दिलेल्या चाकाच्या खुर्चीवरची पाटी केव्हाच पडून गेली आहे, पण खुर्ची रोज वापरात आहे. तिथल्या नर्सताईंना मी विचारलं, ही कुणी दिली माहीत आहे का? त्यांनी क्लबाचं नाव पटकन सांगितलं. कसं माहीत म्हटलं, तर म्हणाल्या, "तुमच्यातले एक डॉक्टर महिन्या-दोन महिन्यांनी इकडून जाताना आत येतात. चाकात तेल घालून गेले परवा."

त्या डॉक्टरांनी ही गोष्ट क्लबाच्या सभेत कधी सांगितलेली नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाले, वाटेतच आहे ना.

नव्या अध्यक्षांना माझं कळकळीचं सांगणं आहे. पदग्रहणाच्या दिवशी मावळते अध्यक्ष तुमच्या गळ्यात कॉलर घालतात, हातात हातोडी देतात. त्याच्याबरोबर एक वहीही हातात घ्या. आमच्या क्लबासाठी मी ती छापली आहे, साधी रेघांची, बायंडिंग केलेली. गाव, वस्तू, दिल्याची तारीख, तिथल्या जबाबदार माणसाचं नाव आणि फोन, शेवटची भेट कधी, काय दुरुस्त केलं, एवढेच रकाने. वही वाचून पुढच्याने सही करायची. शिवाय क्लबाच्या नावाचं एक सिमकार्ड घ्या. अध्यक्ष बदलला तरी नंबर तोच राहिला पाहिजे, आणि दिलेल्या प्रत्येक वस्तूवर तो नंबर पाहिजे. ज्या वस्तूला देखभाल लागते ती देतानाच तीन वर्षांच्या देखभालीचे पैसे बाजूला काढा. तेवढे जमत नसतील तर पाच मशीनऐवजी तीन द्या.

आपल्या टिळकवाडीत १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनासाठी खणलेली विहीर आहे. गांधीजी अध्यक्ष असलेलं ते एकमेव अधिवेशन. हजारो लोकांच्या पाण्याची सोय म्हणून ती खणली. मधल्या काळात तिच्याकडे दुर्लक्ष झालं होतं, मग कुणीतरी मनावर घेऊन गाळ काढला आणि पाणी पुन्हा वापरात आलं. काँग्रेस विहीर म्हणून लहान पोरही ती दाखवतं. तिथून जाताना मला हल्ली खणणाऱ्यांइतकीच गाळ काढणाऱ्यांची आठवण होते. त्यांची नावं मला माहीत नाहीत.

आता फोटोबद्दल. हे लिहायला मला जड जातं, पण लिहितो.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात निपाणी-चिकोडी भागातली दूधगंगा, वेदगंगेकाठची गावं पाण्यात गेली होती. पाणी ओसरल्यावर आम्ही टेम्पो भरून कारदग्याच्या बाजूला गेलो. तांदूळ, तूरडाळ, तेल, साबण, चादर असं एकेक किट. गावात पोचल्यावर आधी टेम्पोला बॅनर बांधायचं काम सुरू झालं. बॅनर मीच केलेला, दहा बाय चार. दोरी तोकडी पडली, मग दुसरी शोधली. तोवर लोक गुडघाभर चिखलात रांगेत उभे. वाटप सुरू झालं तेव्हा प्रत्येक किट चौघांनी धरायचं, घेणाऱ्याने मधे उभं राहायचं, आणि कॅमेऱ्याकडे बघायचं. साधारण पन्नाशीच्या एका मावशींची पाळी आली. कोपरापर्यंत चिखलाने भरलेले हात. कॅमेरा वर झाला तसा त्यांनी पदर तोंडावर ओढला. आमच्यातल्या एकाने अगदी गोड आवाजात म्हटलं, "मावशी, जरा इकडे बघा." त्या बघेनात. किट घेतलं आणि मान खाली घालून गेल्या. मागून शेजारचा एक तरुण मला म्हणाला, "त्यांच्या दारात गेलेला माणूस ताक पिल्याबिगर परत येत न्हाई, दादा. चार म्हशी हुत्या." होत्या, असं तो म्हणाला.

तो फोटो छापून आला. पदर ओढलेला चेहरा, आणि आजूबाजूला आमचे चार हसरे चेहरे. कात्रण माझ्या कपाटात आहे.

त्याच तरुणाला मी विचारलं होतं, तुम्हाला खरं काय पाहिजे? तो म्हणाला, तांदूळ बास झाले, रोज एक गाडी येते. घरातला गाळ ओढायला खोरी-बुट्ट्या द्या, जनावरांना वैरण द्या. पुढच्या रविवारी आम्ही पाच जण बॅनर न घेता गेलो. खोरी, बुट्ट्या, ब्लिचिंग पावडर आणि एक ट्रॅक्टर वैरण. त्या दिवसाचा एकही फोटो नाही. दिवाळीच्या तोंडावर त्या गावातून एक माणूस बेळगावला कामासाठी आला आणि पत्ता विचारत विचारत माझ्या छापखान्यात गुळाची ढेप ठेवून गेला. पहिल्या फेरीत आम्ही दोनशे किटं वाटली होती. त्याबद्दल आजवर कुणी काही बोललेलं नाही.

म्हणून माझी हात जोडून विनंती, घेणाऱ्याचा चेहरा फोटोत घेऊ नका. बाक दिलं तर बाकाचा फोटो घ्या, रक्तदान असेल तर देणाऱ्याचा घ्या. शाळेच्या बाबतीत तर हे फारच जपलं पाहिजे. गणवेश किंवा वह्या घेताना ज्या मुलाचा फोटो गावातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरतो, त्याला दुसऱ्या दिवशी वर्गात काय ऐकावं लागतं, हे शिक्षकांना विचारा.

भाषेचंही बोललं पाहिजे, कारण आपण सीमेवर राहतो. आमच्या क्लबाच्या सभा बऱ्याचदा इंग्रजीत चालतात, पत्रकं इंग्रजीत निघतात. काही वर्षांपूर्वी मोतीबिंदू शिबिरासाठी एक चिठ्ठी छापायला आली. शस्त्रक्रियेनंतर थेंब कधी घालायचे, डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही, दुखलं किंवा दिसणं कमी झालं तर लगेच कुठे यायचं, असा मजकूर. सगळा इंग्रजीत, आणि मी तो नेहमीच्या सवयीने १० पॉइंटात बसवला. प्रूफ बघताना शिबिराला आलेली एक आजी चष्मा पुसत माझ्याच दुकानाच्या पायरीवर बसली होती, खानापूरच्या बसची वाट बघत. तिला ती चिठ्ठी दाखवायचं माझ्या मनात आलं आणि लाज वाटली. ज्याच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आहे त्याला द्यायचा कागद, तोही परक्या भाषेत आणि मुंगीएवढ्या अक्षरात.

मी काम थांबवलं. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड, अक्षर २० पॉइंट, आणि थेंबांच्या वेळांना सूर्य-चंद्राची चित्रं, अशी ती नव्याने केली. आमचे खजिनदार कन्नडभाषक. त्यांनी रात्री अकरा वाजता दुकानात बसून कन्नड मजकूर तपासला. पुस्तकी शब्द काढून बैलहोंगल-सौंदत्तीकडची माणसं बोलतात तसे शब्द घातले. मराठी मजकूर मी तसाच खानापूरच्या माणसाला कळेल असा केला. खर्चात फरक पडला नाही. पण पुढच्या तपासणीला आलेल्या लोकांच्या खिशांत त्या चिठ्ठ्या घडी घालून ठेवलेल्या होत्या, हे तिथल्या डॉक्टरांनी आवर्जून सांगितलं. हेलन केलर यांनी १९२५ साली लायन्सच्या अधिवेशनात जाऊन अंधांसाठी काम करा असं आवाहन केलं आणि तेव्हापासून डोळ्यांचं काम ही त्या संघटनेची ओळख झाली. एवढा मोठा वारसा शेवटी गावातल्या आजीच्या हातात कागदाच्या एका चिटोऱ्यातून पोचतो. तो तिला वाचता आला पाहिजे.

आणि आमच्या भागात क्लबांजवळ एक दुर्मीळ गोष्ट आहे. मराठी, कन्नड, कोकणी, उर्दू बोलणारी माणसं आठवड्याला एका टेबलाशी बसतात आणि एका कामाला लागतात. रोटरीच्या रचनेत तर कोल्हापूर, गोवा आणि बेळगाव एकाच जिल्ह्यात, ३१७० मध्ये येतात, तिथे राज्याची हद्द आड येत नाही. चौकात भाषेवरून वातावरण तापलेलं असताना आमचे खजिनदार आणि मी एका चिठ्ठीवर डोकं घालून बसू शकतो, ही गोष्ट लोकांना दिसली पाहिजे. फलकावर दोन्ही भाषा सन्मानाने घाला. गावात बोलायला जाल तेव्हा त्या गावाच्या भाषेत बोलणारा सभासद पुढे करा.

लोकांना क्लबांबद्दल काय वाटतं, हे दुकानात बसून रोज कानावर येतं. पैसेवाल्यांचा अड्डा, हॉटेलातली जेवणं, एकमेकांना शाली. याचा राग येऊन उपयोग नाही. उलट आपला हिशोब उघडा करावा. लोकांकडून सेवेसाठी गोळा केलेला पैसा सेवेलाच जायचा, क्लबाच्या सभांचा आणि कारभाराचा खर्च सभासदांच्या वर्गणीतून व्हायचा आणि दोन्हींची खाती वेगळी ठेवायची, हा लायन्सचा जुना दंडक आहे. बाहेरच्या किती लोकांना हे माहीत आहे? वर्षाअखेरीस एक पान छापा: लोकांकडून किती आले, कुठे गेले, जेवणाचा खर्च कुणी केला. मराठीत आणि कन्नडमध्ये. ते पान शाळेत, आरोग्य केंद्रात, बँकेत लावा. माझ्याकडे आणाल तर कागदाच्या किमतीत छापून देईन.

पोलिओचं उदाहरण माझ्या डोळ्यांसमोरचं आहे. देशात १९९५ पासून पल्स पोलिओच्या मोहिमा सुरू झाल्या. रोटरीने जगभर हे काम त्याआधी दहा वर्षं, १९८५ ला हाती घेतलं होतं. पल्स पोलिओ सुरू झालं तेव्हा मी कुठल्याच क्लबात नव्हतो. एका मित्राने ओढून नेलं आणि रविवारी सकाळी सातला बसस्टँडवर उभा राहिलो. अंगणवाडीच्या ताई, आरोग्य खात्याची माणसं, वेगवेगळ्या क्लबांचे सभासद, कॉलेजची पोरं. बर्फाच्या डब्यात लशीच्या बाटल्या, आणि डोस दिल्यावर बाळाच्या करंगळीला शाई. सौंदत्ती, गोकाक, चंदगड, कुठून कुठून बसमधून उतरणाऱ्या बाया. काही घाबरायच्या, त्यांना समजावून सांगायचं काम माझ्याकडे. त्यानंतर अनेक वर्षं मी जात राहिलो. भारतातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ ला पश्चिम बंगालमधल्या हावड्यात सापडला आणि २७ मार्च २०१४ ला भारतासह जागतिक आरोग्य संघटनेचा दक्षिण-पूर्व आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला. त्या दिवशी रात्री मी दुकान बंद करून बसस्टँडवर एक चक्कर मारून आलो. तिथे आमची कुठलीच पाटी नव्हती. पण चहाच्या टपरीवाल्याने विचारलं, "डोसवाले काका, आता रविवारी येणार नाही काय?" मी क्लबात गेलो तो त्या रविवारांमुळे. सभासद कसे वाढवावेत यावर आमच्याकडे बऱ्याच चर्चा होतात, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

तरुणांबद्दलही एक वाक्य. रोटरॅक्ट आणि लिओ या रोटरी-लायन्सच्या तरुणांच्या शाखांतल्या पोरांना आपण सूत्रसंचालनाला आणि खुर्च्या लावायला बोलावतो. त्यांना ती वही द्या आणि गावं वाटून द्या. मोटारसायकलवर एका दिवसात चार शाळा बघून येतील.

शेवटी आपल्याकडे येतो, संपादकसाहेब. क्लबांच्या प्रेस नोटा आपल्याकडे रोज येत असतील. त्यातल्या बऱ्याच माझ्या दुकानात टाइप होतात. बावीस नावं, आठ 'मान्यवर', पाच 'प्रमुख उपस्थिती', आणि मधे कुठेतरी काय झालं ते एका ओळीत. आपण नावं कापता आणि मग क्लबवाले नाराज होतात. अध्यक्षांनीच बातमी अशी लिहून पाठवावी की कापायला काही नको: कुठल्या गावात, काय केलं, कुणाला उपयोग, पुढचं शिबिर कधी, कुठे नाव नोंदवायचं. वाचणाऱ्याला शिबिराची तारीख हवी असते. पुष्पगुच्छ कुणी कुणाला दिला ते त्याला नको असतं.

आणि आपल्या वर्तमानपत्राकडून एक मागणं. वाटपाची बातमी छापता, तिच्या बरोबर एक वर्षाने त्याच वस्तूची बातमी छापावी. फिल्टर चालू आहे का, कपाट उघडं आहे का, सायकल कोण चालवतं. तालुक्याचा बातमीदार जाऊन बघेल असं क्लबांना कळलं तर वही आपोआप भरली जाईल. सुरुवात आमच्या तेवीस पाट्यांपासून करा. यादी मी आणून देतो.

त्या शाळेत मे महिन्यात पुन्हा गेलो होतो. कार्ट्रिज आणि पाणी मशीनमध्ये जाण्याआधीचं गाळाचं फिल्टर बदललं, व्होल्टेज कमी पडतं म्हणून स्टॅबिलायझर बसवला. जुनी पाटी काढली. चारही पितळी स्क्रू सहज निघाले, भिंतीवर चौकोनी फिकट खूण राहिली. तिथे आता विनाइलचा एक साधा स्टिकर आहे. त्यावर मराठीत आणि कन्नडमध्ये लिहिलं आहे, 'मशीन बंद पडलं तर या नंबरवर फोन करा.' खाली नंबर, अक्षर मोठं. नाव कुणाचंच नाही.

शाळा सुरू झाली आणि काल दुपारी त्या नंबरवर पहिला फोन आला. बाई म्हणाल्या, नळ ठिबकतोय, वॉशर गेला असेल. रविवारी जातो आहे.

आपला,
एक छापखानेवाला,
शहापूर, बेळगाव
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)